बसून चालवायची खेळगाडी

बसून चालवायची खेळगाडी म्हणजे लहान मूल जिच्यावर किंवा जिच्यात बसून स्वतःच्या पायांच्या बळाने अथवा बॅटरीच्या साहाय्याने पुढे जाऊ शकते, असे मोटारीच्या आकाराचे खेळणे होय. आजच्या बहुतेक खेळगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात विकल्या जातात आणि त्यांची जुळणी घरी करावी लागते. त्यामुळे गाडीच्या सुरक्षिततेची जबाबदारी उत्पादकाबरोबरच जुळणी करणाऱ्यावरही येते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप व अमेरिकेत पत्र्याच्या पॅडल गाड्या तयार होत असत. ब्रिटनमधील ऑस्टिन कंपनीची 'जे ४०' ही त्यांपैकी प्रसिद्ध गाडी. तिच्या निर्मितीसाठी १९४९ मध्ये दक्षिण वेल्समधील बारगोड येथे कारखाना सुरू झाला. फुप्फुसाच्या विकारामुळे खाणीत काम करू न शकणाऱ्या कामगारांना तेथे रोजगार मिळाला. १९७१ पर्यंत ३२ हजारांहून अधिक गाड्या तेथे बनल्या. १९७९ मध्ये अमेरिकेतील लिटल टाइक्स कंपनीने 'कोझी कूप' ही प्लास्टिकची गाडी बाजारात आणली. जिम मॅरिओल यांनी आखलेली ही लाल-पिवळी गाडी मूल पायांनी जमीन रेटत चालवते.

प्रकार व निवड

पायांनी रेटण्याची गाडी नुकतेच नीट चालू लागलेल्या मुलांसाठी सोयीची असते. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. अन्यथा मुलाला गाडी रेटता येत नाही आणि थांबवताही येत नाही. पॅडलची गाडी चालवण्यास पायांत अधिक बळ व समन्वय लागतो. बॅटरीवरील गाड्या सामान्यतः ६ किंवा १२ व्होल्टच्या असतात. त्यांतील अनेकींत पॅडलवरून पाय उचलताच गाडी थांबते, म्हणून ही कृती मुलाला समजते का, हे आधी पाहावे लागते. रुंद व बुटकी गाडी अरुंद व उंच गाडीपेक्षा कमी कलंडते. सूचनापत्रकातील वय व वजनाची मर्यादा पाळणे आवश्यक असते.

जुळणी

प्रथम सर्व भाग यादीशी ताडून पाहावेत. स्क्रू, नट व वॉशर लहान मुलाच्या घशात अडकू शकत असल्याने जुळणी होईपर्यंत मुलाला दूर ठेवावे. चाके बसवताना आस, वॉशर व चाक यांचा क्रम महत्त्वाचा असतो. काही गाड्यांत आसेच्या टोकावर धातूची टोपी हातोडीने ठोकून बसवतात. ती एकदा बसली की सहसा निघत नाही, म्हणून ठोकण्यापूर्वी क्रम पुन्हा तपासावा. प्लास्टिकमध्ये स्क्रू फार आवळल्यास आटे झिजतात व पकड सुटते. बॅटरीची जोडणी सर्वांत शेवटी करतात.

जुळणीनंतर गाडी उलटी करून प्रत्येक चाक फिरवून व ओढून पाहावे, तसेच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, हे तपासावे. वापर सुरू झाल्यावर काही दिवसांनी स्क्रू सैल होण्याचा संभव असल्याने ही तपासणी पुन्हा करणे हिताचे ठरते.

सुरक्षितता

उतार, जिना, रस्ता व पाण्याचा साठा यांच्याजवळ खेळगाडी चालवू देणे धोक्याचे असते. बॅटरीच्या गाडीतील फ्यूजऐवजी साधी तार जोडल्यास वायरी तापून आग लागू शकते. १९९८ मध्ये फिशर-प्राइस कंपनीने अमेरिकेत सुमारे १ कोटी बॅटरीवरील गाड्या विद्युत दोषामुळे दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विद्युत खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. मात्र हे चिन्ह कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची ग्वाही देते. घरी चुकीच्या क्रमाने बसवलेल्या चाकाची नव्हे.