कुरळ्या केसांना वंगण

शाळेत प्रार्थनेसाठी रांगा लागल्या, की पुढे उभ्या असलेल्या मुलामुलींच्या डोक्यांकडे एकदा नीट पाहा. (अर्थात प्रार्थना संपल्यावर!) कोणाचे केस पावसाच्या धारांसारखे सरळ उतरलेले असतात, कोणाचे लाटांसारखे वळणदार, तर कोणाचे लहान मुलाने पाटीवर काढलेल्या गिरगोट्यांसारखे गुंडाळलेले. उन्हाची तिरीप पडली की सरळ केस चकाकतात. कुरळे केस मात्र बहुधा कोरडे आणि निस्तेज दिसतात. त्यावर घरोघरी ठरलेले वाक्य असते, “तेल लाव, नीट विंचर, डोक्याचे टोपले करून हिंडू नकोस!” कुरळ्या केसांचा धनी बिचारा तेल चोपडतो, करकरा कंगवा फिरवतो, आणि अर्ध्या तासात टोपले पुन्हा तयार होते.

यात आळसाचा संबंध फार थोडा. खरे कारण केसाच्या आकारात आहे आणि ते समजले म्हणजे उपायही समजतो. दुकानात बाटलीत किंवा छोट्या पुडीत मिळणारा कंडिशनर हा तो उपाय. जाहिराती पाहून आपली अशी समजूत होते, की कंडिशनर केसांना जेवू घालतो. वास्तविक त्याचे काम यंत्रात घातलेल्या वंगणासारखे आहे, आणि हे वंगण नेमक्या जागी नेऊन बसवण्याचे काम चक्क विद्युत्भार करतो.

वाकडी खळगी, वाकडा केस

केस त्वचेतल्या ज्या खोल खळगीतून उगवतो, तिला केशपुटक म्हणतात. सरळ केसाची खळगी विहिरीसारखी उभी असते. कुरळ्या केसाची खळगी आतून वाकलेली असते, आणि तिच्यातून बाहेर पडणारा केस वळण घेऊनच जन्माला येतो. त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो वर्तुळाकार न दिसता चपटा, लंबवर्तुळाकार दिसतो. शेवेच्या सोऱ्यातून शेव पडते तसे काहीसे हे आहे. ताटली बदलली की शेवेचा आकार बदलतो, पीठ तेच. सर्व केसांचे पीठ एकच, केराटीन नावाचे प्रथिन. तुमची नखेही त्याचीच आणि बैलाची शिंगेही त्याचीच.

कुरळेपणा हा काही दोष नव्हे. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तापमान मोजता येणारा माणसाच्या आकाराचा पुतळा घेतला आणि त्याच्या डोक्यावर आळीपाळीने सरळ, मध्यम कुरळ्या आणि घट्ट कुरळ्या केसांचे टोप घातले. वरून सूर्यासारखी उष्णता देणारे दिवे लावले. डोक्यापर्यंत सर्वांत कमी उष्णता पोचली ती घट्ट कुरळ्या केसांखाली. आफ्रिकेच्या कडक उन्हात आपल्या पूर्वजांच्या मेंदूवर निसर्गाने छत्रीच धरली होती म्हणायची!

मात्र या छत्रीची एक अडचण आहे. प्रत्येक केशपुटकाला तैलग्रंथी जोडलेली असते. तिच्यातून पाझरणारा स्निग्ध पदार्थ केसाच्या बुंध्याशी येतो. सरळ केसावरून तो घसरगुंडीवरून घसरावा तसा खाली पसरतो, कंगवाही त्याला टोकापर्यंत ओढून नेतो. कुरळा केस म्हणजे गोल जिना. तिथे तेलाची वाटचाल रेंगाळते, आणि कंगवा तर वळणावळणावर अडतो. परिणाम असा, की टाळू तेलकट आणि टोके मात्र उपाशी. त्यात टोक हा केसाचा सर्वांत जुना भाग. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटीमीटर लांब केसाच्या टोकाने दोन-अडीच वर्षांची ऊन, धूळ, साबण आणि ओढाताण सोसलेली असते.

कोरडा म्हणजे काय?

आता थोडे थांबून ‘कोरडा’ या शब्दाकडे पाहू. कोरड्या केसात पाणी कमी असते असे आपल्याला वाटते. पण केस हवेतली वाफ सतत शोषत आणि सोडत असतो. स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ सोस्यूर याने १७८३ साली याच गुणाचा उपयोग करून हवेतील आर्द्रता मोजण्याचे यंत्र तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यात ताणून बसवलेला माणसाचा एक केस असे. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेला, की केस शेकडा दोन-अडीच इतका लांबतो. यंत्रातला काटा त्या लांबीबरोबर फिरतो.

आणि गंमत अशी, की ज्याची हानी झालेली आहे असा खरखरीत केस चांगल्या केसापेक्षा पाणी जास्तच शोषतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात हवा पाण्याने भरलेली असते. त्याच वेळी कुरळे केस सर्वांत जास्त पिंजारतात. कारण केराटीनच्या रेणूंना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि दुसऱ्याच ठिकाणी जुळतात. शेजारशेजारचे केस मग आपापल्या मर्जीने वळतात. केसांना नुसते पाणी पाजून भागले असते, तर कोकणातल्या पावसाळ्याने सर्वांचे केस रेशमासारखे झाले असते!

तेव्हा बोटांना जो ‘कोरडेपणा’ जाणवतो तो मुख्यतः पृष्ठभागाचा खरखरीतपणा असतो. याचा एक प्रयोग तुम्ही आत्ताच करू शकाल. कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो लांबीच्या दिशेने धरा आणि दोन्ही बोटे एकमेकांवर मागेपुढे चोळा. केस हळूहळू एकाच बाजूला सरकू लागेल. आता केसाची दिशा उलटी करून तेच करा. केस आता उलट बाजूला सरकेल. तो नेहमी आपल्या मुळाकडील टोकाच्या दिशेने जातो. याचे कारण केसाभोवती खवले असतात आणि ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रचलेले असतात. कौलांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट सहज घसरते, उलट दिशेने अडखळते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून घट्ट होतो, त्यामागेही हीच कौले आहेत.

निरोगी केसाच्या कौलांवर निसर्गाने एका रेणूच्या जाडीचा स्निग्ध थर दिलेला असतो. तो नुसता फासलेला नसून रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तीव्र अल्कली, केस रंगवण्यापूर्वी करतात ती ब्लीचिंगची क्रिया आणि कडक ऊन यांनी हा थर निघून जातो. एकदा गेला की पुन्हा येत नाही, कारण त्वचेबाहेरचा केस जिवंत नसतो. त्याला जखम झाली तर ती भरून येत नाही. कुरळ्या केसात तर प्रत्येक वळणावर कौले उचकटण्याचा संभव अधिक. उचकटलेली कौले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. गुंत्यात कंगवा खेचला की आणखी कौले उडतात आणि शेवटी केस तुटतो.

विद्युत्भाराची करामत

आता शांपू आणि कंडिशनर यांतला फरक पाहू. शांपूतील प्रक्षालकाच्या रेणूला डोके आणि लांब शेपटी असते. शेपटी तेलात रुतते, डोके पाण्याकडे राहते, आणि दोघे मिळून मळ-तेल ओढून नेतात. नेहमीच्या शांपूत या डोक्यावर ऋण विद्युत्भार असतो. पाण्यात भिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. केसावरील धन आणि ऋण भार समसमान होण्यासाठी पाणी पीएच ३.७ च्या आसपास, म्हणजे चांगलेच आंबट असावे लागते. आपले नळाचे पाणी सातच्या जवळपासचे. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणून शांपू आपले काम करून पाण्याबरोबर निघून जातो.

कंडिशनरच्या रेणूलाही डोके-शेपटी आहे, पण त्याच्या डोक्यावर नायट्रोजनचा अणू असून तो धनभारित असतो. बाटलीवरील बारीक अक्षरांत सेट्रिमोनियम क्लोराइड किंवा बेहेनट्रिमोनियम क्लोराइड अशी नावे सापडली, तर ते हेच महाशय. पहिल्याची शेपटी १६ कार्बन अणूंची, दुसऱ्याची २२ कार्बन अणूंची. धनभारित डोके ऋणभारित केसाला चिकटते आणि तेलकट शेपट्या बाहेरच्या बाजूला पसरतात. निसर्गाचा जो स्निग्ध थर निघून गेला, त्याची ही तात्पुरती नक्कल होय. त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी, की केसाचा जो भाग जास्त झिजलेला, तिथे ऋणभारही जास्त. त्यामुळे कंडिशनर आपोआप तिथेच अधिक बसतो. कुठे ठिगळ लावायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही!

त्याच बाटलीवर सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल ही नावेही दिसतील. ती वाचून घाबरू नका. केस कोरडा करणारा स्पिरिटसारखा पातळ अल्कोहोल निराळा. हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत आणि थर मऊ ठेवण्यास मदत करतात. जीवनसत्त्वांची नावे मात्र फारशी मनावर घेऊ नयेत. मेलेल्या केसाला जीवनसत्त्व पचवता येत नाही.

वापर कसा करावा, हे आता तुम्हीच सांगू शकाल. टाळूला तेल पुरते, म्हणून शांपू टाळूवर आणि कंडिशनर केसाच्या मध्यापासून टोकापर्यंत. तो लावायचा ओल्या केसांना. आणि त्यातच, केस बुळबुळीत असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा. टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर जायचे. ओले केस विंचरू नयेत असे आजी सांगते, ते सरळ केसांच्या बाबतीत खरे आहे, कारण सरळ केस ओले झाले की एकमेकांना चिकटतात आणि कंगव्याला जास्त जोर लागतो. घट्ट कुरळ्या केसांत मोजमाप केले तेव्हा उलट आढळले. पाण्याने वळणे सैल होतात आणि कंगव्याला जोर कमी लागतो. तोच केस वाळल्यावर विंचरला तर तुटतो जास्त. म्हणजे आजीचा नियम आजीच्या केसांपुरता बरोबर! नंतर कंडिशनर धुऊन टाकावा. केस फारच दाट आणि कुरळे असतील तर किंचित राहू दिला तरी चालतो. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, चुरचुरते. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुना मऊ पंचा दाबून पाणी टिपावे.

मग आपले खोबरेल तेल टाकाऊ झाले का? मुळीच नाही. मुंबईतील एका खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना, विंचरताना केसातून जे प्रथिन झिजून जाते, ते फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाले. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असते. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, तर बाकीची तेले बहुतांशी वरच राहतात. कंपनी खोबरेल तेलाचीच, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष पटण्याजोगा आहे. न्हाण्यापूर्वी तेल आणि न्हाल्यावर कंडिशनर, अशी ही जोडी जमते. एक आतून सांभाळतो, दुसरा बाहेरून.

केस सरळच करून टाकले तर?

हा प्रश्न अनेकींच्या मनात येतो. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तो शंभर वर्षे सोसला. घट्ट कुरळे केस ‘अव्यवस्थित’ समजले जात आणि त्यापायी शाळेत, नोकरीत अपमान होई. रहदारीच्या सिग्नलचे पेटंट १९२३ साली मिळवणारा कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन, याने त्याआधी केस सरळ करण्याचे मलमही विकले होते. पुढे आलेल्या अनेक मलमांत कॉस्टिक सोडा असे. केराटीनमधील गंधकाचे मजबूत बंध तो कायमचे तोडतो. थोडा वेळ जास्त राहिला तर टाळू भाजते. २०२२ साली अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडा ४.०५ निघाले, न वापरणाऱ्यांत ते १.६४ होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, पण सावध होण्यास एवढे पुरेसे आहे. दरम्यान १९६० नंतरच्या दशकांत तेथील अनेकांनी केस आहेत तसे वाढवण्यास सुरुवात केली, आणि कंडिशनरचा सर्वांत कसून अभ्यास याच लोकांनी आपापल्या न्हाणीघरात केला. केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा कामावर भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने प्रथम केला.

रसायनाने केलेला सरळपणा फक्त बाहेर आलेल्या केसापुरता असतो. त्वचेतली खळगी वाकडीच राहते. महिन्याभरात बुंध्याशी सेंटीमीटरभर नवा केस येतो, तो पुन्हा कुरळाच.