रिपोर्ट चांगले, तरी अंगात त्राण नाही

कंबरदुखीवर लिहीन म्हणालो होतो, पण ती पुढच्या आठवड्यावर टाकतो. बार्शीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न या लेखमालेच्या अगदी मुळाशी जाणारा आहे. त्यांना बरीच वर्षं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. मेथोट्रेक्सेट लागू पडलं, बोटांची सूज उतरली, रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी नॉर्मल आला. डॉक्टर समाधानी आहेत. त्या लिहितात, ‘सकाळी कणीक मळून झाली की मला पुन्हा आडवं व्हावं लागतं. घरचे म्हणतात, रिपोर्ट तर चांगले आहेत. यावर कुणीच संशोधन करत नाही का?’

करतात, पण फार उशिरा सुरू झालं. त्याची हकीकत सांगतो.

आमवात किती जोरात आहे हे ठरवायला डॉक्टर सर्रास २८ सांधे तपासतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे २० सांधे. प्रत्येक सांधा दाबून पाहायचा: दुखतो का, सुजलाय का? त्यात रक्तातला दाह आणि रुग्णाने स्वतः दिलेले गुण मिळवले की एक आकडा तयार होतो. या २८ मध्ये घोटे आणि पावलं नाहीत, हे मला कायम खटकत आलंय. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईचा आजार आधी तिच्या पावलांत बोलतो. आणि थकवा? त्याला या हिशेबात स्वतःचं घरच नाही.

औषधांच्या चाचण्यांत नेमकं काय मोजायचं यावर एकमत व्हावं म्हणून १९९२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे तज्ज्ञ जमले. तिथून ‘ओमेरॅक्ट’ हा उपक्रम सुरू झाला. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, हालचालीची क्षमता, रक्तातला दाह अशी एक किमान यादी ठरली. काम मोलाचंच होतं, कारण त्याआधी दोन चाचण्यांची तुलना करणं म्हणजे डोकेदुखी होती. पण यादी करणाऱ्यांत आजार अंगावर काढणारं कुणी नव्हतं.

२००२ साली ऑस्ट्रेलियातल्या बैठकीत पहिल्यांदा रुग्ण सहभागी म्हणून बसले. औषधाने बरं वाटणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय, असं विचारल्यावर त्यांनी थकवा पुढे आणला. साधी दमणूक नव्हे, तर झोप काढूनही न उतरणारा, कसलीही सूचना न देता अंगावर कोसळणारा थकवा. खोलीतले कितीतरी तज्ज्ञ आयुष्यभर आमवात पाहत आले होते, तरी ही गोष्ट त्यांच्या यादीत नव्हती! पुढे पाच वर्षांत, आमवाताच्या चाचण्यांमध्ये शक्य तिथे थकवाही मोजावा, अशी शिफारस प्रसिद्ध झाली.

एकदा मोजायचं ठरलं की मोजपट्टी लागते. ब्रिस्टलच्या संशोधकांनी रुग्णांच्याच बोलण्यातून थकव्याची प्रश्नावली बांधली. मोजपट्टी आली तशी उपायांची परीक्षाही घेता आली. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत ‘राफ्ट’ नावाची चाचणी झाली. आमवात विभागातल्या नर्स आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना प्रशिक्षण देऊन रुग्णांचे गट चालवले. कामाचे तुकडे कसे पाडायचे, चांगल्या दिवशी सगळं उरकून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचं हे चक्र कसं तोडायचं, असं त्यात शिकवलं. २०१९ साली निष्कर्ष आले: थकव्याचा जाच कमी झाला आणि हा फायदा दोन वर्षांपर्यंत टिकला. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिचा उगम थेट त्या बैठकीतल्या रुग्णांपर्यंत नेता येतो.

तज्ज्ञांची यादी एक आणि रुग्णांची दुसरी, हे गुडघ्याच्या बाबतीतही दिसलं होतं. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिस्टलच्याच गटाने गुडघ्याच्या झिजेवरचं संशोधन आणि रुग्णांच्या अपेक्षा शेजारी शेजारी मांडल्या. संशोधनाचा मोठा भाग औषधांवर होता. रुग्णांना औषधांवर आणखी संशोधन फारसं नकोच होतं. त्यांना सांधेबदलाबद्दल आणि दुखणं घेऊन रोजचं निभावायचं कसं, याबद्दल जाणून घ्यायचं होतं.

तर ताई, पुढच्या भेटीत ‘थकवा येतो’ एवढंच सांगून थांबू नका. कणकेचं उदाहरणच द्या: काय केल्यावर, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, झोप कशी लागते, रात्री वेदनेने जाग येते का, हेही बोलून घ्या. यातल्या बऱ्याच कारणांवर उपाय आहेत.

कंबरदुखी पुढच्या आठवड्यात नक्की. सुरुवात पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणपासून करू. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने गावातल्या चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं होतं, तुमचं काय दुखतं?