‘बर्निंग’: संथपणातले गूढ

ली चांग-डोंग यांचा ‘बर्निंग’ (२०१८) १४८ मिनिटांचा आहे. हे-मी ही तरुणी बेपत्ता होते, तोवर जवळजवळ निम्मा चित्रपट सरलेला असतो. हारुकी मुराकामी यांच्या कथेवर बेतलेल्या या कोरियन चित्रपटाच्या आरंभी ती हाती नसलेले संत्रे सोलून खाते. संत्रे आहे असे मानायचे नाही, ते नाही हे विसरायचे, असे तिचे सांगणे. ली प्रेक्षकाकडूनही हेच मागतात. तिचे मांजर घरात दिसत नाही. तिने सांगितलेली विहीर कुणाला आठवते, कुणाला नाही. बेनने जाळलेले हरितगृह सापडत नाही. घाईने पाहणाऱ्याला हे सारे रेंगाळणे वाटेल. वस्तुतः संशय मुरतो तो याच अवकाशात.

सुरतेतील उधना येथे यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी तरुणाला नायक जाँग-सू परका वाटू नये. गावी वडिलांचे घर आणि गोठ्यातले एक वासरू, शहरात मिळेल ते काम. आणि समोर बेन, ज्याच्या संपत्तीचा उगम कधीच कळत नाही. जाँग-सूच्या संशयात ही धुमसही मिसळलेली आहे. अखेरचा प्रसंग प्रत्यक्ष घडला की लेखक होऊ पाहणाऱ्या जाँग-सूच्या लिखाणात, हे ली सांगत नाहीत.