जळगावच्या उन्हात सनस्क्रीन लागतेच का?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रस्त्यावर डोळे सोडून सगळा चेहरा रुमालात गुंडाळलेले दुचाकीस्वार दिसतात. एवढे झाकल्यावर वर सनस्क्रीन कशाला, असा प्रश्न पडतोच.

आधी एक गल्लत दूर करू. उष्णता वेगळी आणि त्वचा बिघडवणारे अतिनील किरण वेगळे. संध्याकाळी साडेपाचला धुळ्यात अंगाची लाही होते, पण सूर्य कलल्यामुळे अतिनील किरण बरेच कमी झालेले असतात. खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. ‘शून्य सावली दिवस’ तो हाच. म्हणजे जुलैत पारा उतरला तरी ढग फाकले की दुपारचे किरण जवळपास मेइतकेच तीव्र असतात. रुमाल मात्र तोवर कपाटात गेलेला असतो.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन बरेच किरण अडवते. म्हणूनच भारतीयांमध्ये त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेत खूप कमी आढळतो. आपल्याकडची मोठी तक्रार वांगाची. गालांवरचे हे तपकिरी डाग उन्हाने गडद होतात, आणि ऊन टाळले नाही तर औषधाचा उपयोगही टिकत नाही. वांग किंवा कोड असलेल्यांना सनस्क्रीन खरोखर हवे. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते.

केळीच्या बागेत किंवा कपाशीत दिवसभर राबणाऱ्याला दर दोन तासांनी क्रीम लावा म्हणणे व्यवहाराला धरून नाही. घामाने ते टिकतही नाही. तिथे पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि रुमालच खरा. कापड घट्ट विणीचे, गडद असेल तर उत्तम. विरळ पांढऱ्या कापडातून काही किरण आत जातातच.

विकत घ्यायचेच तर एसपीएफ ३० पुरे. ते त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे ९८ टक्के. हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा. खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी डबीवरची ‘पीए’ची अधिक चिन्हे पाहावीत. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम लागते; बहुतेक जण वाटाण्याएवढे लावतात.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ ट्यूबपासून मात्र सावध. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. सुरुवातीला डाग फिकटतो, पुढे त्वचा पातळ, लाल होते आणि मग साधे ऊनही सोसवत नाही.