खोली घेताना खासगीपणही पाहा

हॉटेलच्या काउंटरवर रजिस्टर उघडं पडलंय, आधीच्या पाहुण्यांची नावं आणि मोबाइल नंबर सहज वाचता येतात? मग उद्या तुमचंही नाव तसंच दिसणार. खोली क्रमांक चारचौघांत पुकारणारं, ओळखपत्राचा फोटो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर काढणारं हॉटेल टाळलेलंच बरं. ओळखपत्र द्यावं लागतंच. पण आधार देणार असाल तर शेवटचे ४ अंकच दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. जोडप्यांसाठी आणखी एक गोष्ट: लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने हॉटेलात राहण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही काही हॉटेलं नकार देतात. म्हणून आगाऊ पैसे भरण्याआधी फोन करून विचारून घ्या.