रत्नागिरी जेट्स: नाव आपल्या जिल्ह्याचं, पण संघ बनतो कसा?

आता गावातल्या, मोहल्ल्यातल्या टेनिस बॉल स्पर्धेलाही ‘प्रीमियर लीग’ म्हणतात. टीमला ‘ओनर’ असतो, पोरांवर बोली लागते. हे सगळं 2008 साली सुरू झालेल्या आयपीएलवरून आलं. पण फ्रँचायझी म्हणजे नेमकं काय, हे बघायला लांब जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या नावाचाच संघ आहे.

महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग, म्हणजे एमपीएल, सुरू केली. संघ सहा. आधी लिलाव झाला तो संघांचाच. तीन वर्षांच्या हक्कांपोटी असोसिएशनला 57 कोटी 80 लाख रुपये मिळाले. रत्नागिरीचा संघ पुण्याच्या जेटसिंथेसिस कंपनीने घेतला. स्पर्धा असोसिएशनचीच राहते, मालक घेतो तो संघ चालवण्याचा हक्क. त्याचा पैसा प्रायोजक आणि जाहिरातीतून परत येतो, किंवा येतही नाही.

मग खेळाडूंचा लिलाव. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती 20 लाख. खेळाडूंचे तीन गट केले होते आणि मूळ किंमत 60, 40 आणि 20 हजार. सर्वात महाग ठरला नौशाद शेख. कोल्हापूर टस्कर्सने त्याच्यासाठी 6 लाख मोजले. आयपीएलच्या 2025 च्या लिलावात एका संघाची मर्यादा 120 कोटी होती आणि सर्वात कमी मूळ किंमत 30 लाख! टीव्हीवरचे आकडे बघून कॉलेज सोडायला निघालेल्या मुलाला हा फरक दाखवाच. शिवाय मूळ किंमत म्हणजे पगार नव्हे. कुणीच बोली लावली नाही, तर हातात काहीच येत नाही.

अझीम काझीच्या नेतृत्वाखाली जेट्सने 2023 आणि 2024 अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली. आपल्याला आनंद झालाच. पण ते सामने झाले पुण्याजवळ गहुंजेला, रत्नागिरीत नाही. आणि खेळाडू रत्नागिरीचाच हवा अशी अटही नसते. लिलावाची यादी सगळ्या संघांसाठी एकच.

मग आपल्या मुलाने त्या यादीपर्यंत जायचं कसं? टेनिस बॉलवरचे षटकार तिथे मोजले जात नाहीत. लेदर बॉल, जिल्ह्याचा संघ, वयोगटातले सामने, असा तो रस्ता आहे. रत्नागिरी पुण्याच्या असोसिएशनखाली येते, मुंबईची असोसिएशन वेगळी. निम्मं घर मुंबईला असणाऱ्यांनी मुलगा कुठून खेळणार हे आधीच ठरवावं. ‘दोन लाख द्या, टीममध्ये घेतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. लिलावात पैसे मालक खेळाडूला देतो, खेळाडूचा बाप मालकाला नाही.

वयोगटात वयाचा पुरावा लागतो. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव किंवा तारीख वेगळी असेल, तर ती आताच दुरुस्त करून घ्या.