सांगवीच्या शेतकऱ्याचा मुलगा
(लेखमाला : माती आणि कादंबरी – भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकन कादंबरीकार विला कॅथरबरोबर नेब्रास्काच्या गवताळ माळावर होतो. १८८३ साली नऊ वर्षांची असताना ती तिथे आली, तेव्हा त्या जमिनीला नांगर नुकता लागत होता. न पाहिलेल्या मुलखात येऊन मातीच्या घरांत राहणारी स्वीडिश आणि बोहेमियन कुटुंबं तिने पुढे, शहरात राहून, १९१३ च्या कादंबरीत आणली. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९६३ मध्ये, पुण्यात 'कोसला' प्रसिद्ध झाली. तिचा लेखक पंचवीस वर्षांचा होता. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे हे भालचंद्र नेमाडे.

सांगवी खानदेशात येते, आणि खानदेश म्हटलं की आपल्याला केळी, कापूस आणि भरलेली बाजारपेठ दिसते. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरी धामधूम, दुष्काळ आणि पेंढारी यांनी इथली अनेक गावं ओस पाडली होती. १८१८ मध्ये कंपनी सरकार आलं. धुळ्यातून कारभार सुरू झाला, तगाई देऊन पडीक जमिनी लागवडीला आणल्या गेल्या. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि तापीकाठची काळी जमीन सोन्याची झाली. या भरभराटीची किंमत कोणी दिली, तेही सांगितलं पाहिजे. तिकडे अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकरांचे तुकडे मिळाले आणि मूळ जमाती मागे रेटल्या गेल्या. इकडे १८२५ पासून भिल्लांना पलटणीत घेतलं गेलं, नांगराला लावलं गेलं आणि सातपुड्याचं रान त्यांच्या हातून निसटत गेलं.

अशा कसलेल्या, नांदत्या मुलखात २७ मे १९३८ रोजी नेमाडे जन्मले. पुण्याला फर्ग्युसन, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मुंबईत इंग्रजीचं एम.ए. नंतर अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशी मास्तरकी झाली. गावोगावच्या कॉलेजांतलं हे भटकं जिणं 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटलाच्या वाट्याला आलं आहे.

पण माझ्या मते नेमाडे कळायचे तर पुन्हा 'कोसला'कडेच यावं लागतं. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, वडिलांचा पैसा उधळतो, नापास होतो आणि गावी परततो. लोक पुण्याच्या पानांतली वसतिगृहाची धमाल लक्षात ठेवतात. मला ती कादंबरी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी खरी उभी राहिलेली दिसते. देवीच्या रोगाने ती जाते, आणि तोवर सगळ्या जगाची टर उडवणाऱ्या पांडुरंगाची भाषाच पार मोडून पडते. शेतकऱ्याच्या घरातलं दुःख मराठी कादंबरीत इतक्या उघड्या अंगाने क्वचितच आलं आहे.

कॅथरने पहिली पिढी पाहिली. माळ फोडणाऱ्या माणसांविषयी तिला अपार आदर होता आणि तो तिच्या ओळीओळीत आहे. नेमाड्यांचा नायक त्यानंतरच्या पिढ्यांतला आहे. जमीन कसून झाली, वाडा बांधून झाला, बाप गावात वजनदार झाला. आता या सगळ्याचं पोराने करायचं काय? ते टाकवत नाही आणि पेलवतही नाही. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये हाच प्रश्न फार मोठ्या पटावर येतो. मोहेंजोदडोत उत्खननाचं काम करणारा खंडेराव वडिलांच्या आजारपणाची बातमी कळताच मोरगावला निघतो, आणि घराण्याच्या, गावाच्या, जातीपातींच्या कितीतरी पिढ्या त्याच्या अंगावर कोसळतात. कादंबरी मध्येमध्ये फार पसरते, हे खरं. तरी खानदेशी शेतकरी कुटुंबाला सिंधू संस्कृतीपर्यंत मागे नेऊन भिडवण्याची ही हिंमत मराठीत दुसऱ्या कोणी केलेली नाही.

२०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदांनंतरचे ते चौथे मराठी मानकरी.

कॉलेजच्या वयात 'कोसला' वाचून कपाटात ठेवली असेल, तर या आठवड्यात ती पुन्हा काढा आणि सांगवीची पानं सावकाश वाचा. पुढच्या भागात कृष्णराव भालेकरांचा 'बळीबा पाटील'.